शेंडा-बुडखा

रात्री पावणेतीनला तिन्ही पंप आपणहून सुरू झाले.
विब्रेननं आधी कान दिला, मग बूट शोधले.
एकतीस वर्षांत असा आवाज, तिन्ही एकदम,
त्यानं दोनदाच ऐकला होता,
आणि दोन्ही वेळा बाहेर वादळ होतं.
आज फ्रीसलँडच्या सपाट अंधारात
एक गाय खोकली, एवढंच.

पडद्यावर आकडा: सहा हजार एकशे चव्वेचाळीस.
सेंटिमीटर.
म्हणजे कालव्यात एकसष्ट मीटर पाणी,
म्हणजे चर्चचा मनोरा बुडून
त्याच्या डोक्यावर दुसरा बुडेल इतकं.
विब्रेननं खिडकीतून पाहिलं.
मनोरा होता जागेवर, टोकावरच्या कोंबड्यासकट.

पंप मात्र आकड्यावर विश्वास ठेवतात, खिडकीवर नाही.
त्यानं हातानं खटका ओढेपर्यंत
त्यांनी कालवा उपसून काढला होता.
येल्मरची बोट चिखलात कुशीवर निजली
आणि ईल मासे, ज्यांना कोणी काही विचारलं नव्हतं,
उरलेल्या डबक्यात एकमेकांत गुंतून बसले.

शौक्ये सात वाजता आली, केस ओले, लॅपटॉप काखेत.
"माझ्या टेबलावर सगळं बरोबर चालतं," ती म्हणाली,
आणि म्हणता म्हणताच तिचं वाक्य तिला ऐकू आलं.

तिचं टेबल लेवार्डनला.
कोड तिथं लिहायचा, कंपाइलही तिथंच करायचा,
पण या पेटीसाठी,
जिचा प्रोसेसर शौक्येपेक्षा दोनच वर्षांनी लहान
आणि जिला स्वतःचं काही शिजवता येत नाही.
परक्या घरी डबा पाठवावा तसं.
डबा पोचला होता, सांडलं काही नव्हतं.
कप्पे तेवढे उलटे लागले.

एक आकडा, दोन बाइट.
सेन्सर बुडख्यापासून सांगतो: आधी चोवीस, मग शून्य.
तिचा लॅपटॉपही बुडख्यापासून ऐकतो, दोघांचं जमलं.
ही पेटी शेंड्यापासून ऐकते,
पहिलं आलेलं ते थोरलं:
चोवीस वेळा दोनशे छप्पन्न.
कोणी खोटं बोललं नाही.
तारेत एक बिटही इकडचं तिकडे झालं नाही.
तरी गोष्टीला ना शेंडा ना बुडखा.

चाचण्या? केल्या होत्या की,
मार्चमध्ये, इथंच, याच पेटीवर.
शून्य घालून. शून्य कुठूनही वाचा, शून्यच.
मग पुराची पातळी म्हणून दोनशे सत्तावन्न,
सहज सुचलेला आकडा:
एक बाइट एक, दुसराही एक.
हजारो आकड्यांतून तिनं
नेमके पाठपोट सारखे असलेले दोन निवडले.

विब्रेन कॉफी घेऊन आला, आणि त्याची वही.
रोज संध्याकाळी काठी बुडवून मोजलेलं पाणी, पेन्सिलीनं.
"काल किती होतं?"
"चार-आणि-वीस," तो फ्रिशियनमध्ये म्हणाला
आणि कोपऱ्यात लिहून दाखवलं:
आधी चार, मग
डावीकडे सोडलेल्या जागेत दोन.

आपणही चोवीस म्हणताना चाराला पुढे करतो,
लिहिताना दोनाला.
आपलं काही बिघडत नाही,
कारण मध्ये माणूस असतो.

ती त्या पेन्सिलीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग दोन्ही बाइट एका घासात गिळणारी ओळ तिनं खोडली.
त्या जागी:
पहिला घे, हा धाकटा.
दुसरा घे, आठ घरं वर सरकव.
आता जोड.
यंत्र शेंड्याचं असो की बुडख्याचं,
या बोलण्याचा अर्थ एकच होतो.
चपला दारात काढाव्यात तसा
बाहेरचा क्रम दारातच उतरवून ठेवायचा.
एवढंच होतं. चार ओळी,
आणि एक आडवी झालेली बोट.

दुपारी पडद्यावर नऊ. मग अकरा.
पाणी परत येत होतं, घाई न करता.
काठावर येल्मर शिव्या देत उभा,
बोट सरळ व्हायची वाट बघत.

शौक्येनं चाचण्यांच्या यादीत चोवीस घातला,
लॅपटॉप मिटला.
"आणि काठी?" विब्रेननं विचारलं.
ती दारात थांबली.
"काठी राहू द्या."